हवेच्या फुग्यांवरची पिकअप

९ जानेवारी

आज मधवाल्यांच्या पेट्या पहिल्यांदा नेल्या. माळावरची सूर्यफुलं संपली की पेट्या टेकडीपलीकडच्या बागांत न्यायच्या, तिथला बहर ओसरला की आणखी पुढे. जिथे फूल तिथे माश्या, असा त्यांचा धंदा. पोचल्यावर झाकणं उघडली तर दोन पेट्यांतली पोळी मोडून खाली पडलेली. मध सांडलेला, त्यात माश्या बुडून मेलेल्या. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी तयारीत उभी होते. मधवाले मात्र गुडघ्यांवर बसून काडीनं एकेक जिवंत माशी मधातून बाहेर काढत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "रस्ताच तसा आहे, ड्रायव्हरबाई."

रस्ता काही तसा नाही, गाडी तशी आहे. रिकामी असली की बकरीसारखी उड्या मारते आणि भरली की मागून बसते, तोंड आभाळाकडे. इतकी वर्षं रुग्णवाहिका चालवली. मागच्याची सलाइनची बाटली हलू नये म्हणून खड्डा मला लांबूनच समजायचा. मग हॉस्पिटलनं गाड्या बाहेरच्या कंपनीला दिल्या आणि आम्हा ड्रायव्हरांना नारळ दिला. ही जुनी पिकअप मी मोठ्या उमेदीनं घेतली. आणि पहिल्याच फेरीला हे.

ते पुन्हा बोलावणार नाहीत.

११ जानेवारी

मधवाल्यांचा फोन. दुसरी गाडी बघितली म्हणून सांगायला केला असेल असं वाटलं. तर विचारतात, परत जाताना टायरमधली हवा तपासली होती का. दोन दिवसांनी! म्हटलं, तपासली होती, काय काम होतं? "काही नाही, तेवढंच," म्हणाले आणि ठेवला.

संशयी माणूस.

१३ जानेवारी

गाडी गॅरेजला दाखवली. तिथला फिटर रेडिओसारखा आहे, बंदच होत नाही. गाडीखाली वाकून बघितलं न बघितलं तोच म्हणाला, "फुगे बसवा, ताई."

मला वाटलं, स्टिअरिंगमधून फुटून बाहेर येतात ते. म्हटलं, मला नाही, माश्यांना धक्का बसतोय.

"ते नव्हेत हो. ते ठोकर बसल्यावर फुगतात. हे ठोकर बसू नये म्हणून आधीपासून फुगलेले असतात." मग त्यानं फळीवरून एक काढून दाखवला. जाड काळ्या रबराचा, दोन भाकऱ्या एकावर एक ठेवाव्यात तसा. मागच्या चाकांच्या एक्सलवर दोन बाजूंना दोन बसवायचे, वर गाडीची चासी, खाली एक्सल, मध्ये हा. माल भरला की हवा वाढवायची, उतरवला की कमी करायची. लोखंडी पाटे तसेच राहतात. ते वजन पेलतात, फुगे गाडीची पातळी धरून ठेवतात.

"पण एक ऐका," तो बोट नाचवत म्हणाला, "फुगे बसवले म्हणून जास्त माल भरायचा नाही. गाडीची ताकद आहे तेवढीच राहते. फक्त चाल सुधारते."

"माझंही तसंच आहे," मी म्हटलं.

तो खो खो हसला. तिथे बाकावर बसलेला एक टेम्पोवालाही हसला. घरी येईपर्यंत मला ते आठवत होतं. माझ्या बोलण्यावर कुणी हसल्याला बरेच दिवस झाले असावेत.

१६ जानेवारी

दिवसभर गॅरेजमध्ये. फिटर म्हणाला, गाडी ठेवून जा, संध्याकाळी या. मी म्हटलं, शिकून घेते, वाटेत काही झालं तर. मग गोणपाट टाकून त्याच्या शेजारी गाडीखाली शिरले. आधीचे रबरी ठोकळे काढले, त्यांच्या जागी पत्रे बोल्टनं आवळले, पत्र्यांत फुगे बसवले. प्रत्येक फुग्याला वेगळी नळी. मी विचारलं, एकाच नळीला दोन फाटे का नाही काढायचे?

"मग वळणावर एकातली हवा पळून दुसऱ्यात जाते. गाडी ज्या अंगाला कलते तिकडचा फुगा रिकामा होतो, आणि ती आणखीच कलते."

त्याला गिऱ्हाईक आलं तेव्हा डावीकडची नळी मी एकटीनं ओढली. छान बसली. हात ग्रीसनं इतके काळे झाले की घरी येऊन दाराची कडी कोपरानं वाजवली. मग आठवलं, आत कडी काढायला कुणी नाही म्हणूनच कुलूप असतं, आणि किल्ली खिशात आहे. पँटही बरबटली.

१९ जानेवारी

सकाळी बघते तर गाडी डाव्या अंगावर बसलेली. तशीच गॅरेजला नेली. फिटरनं साबणाचं पाणी आणि ब्रश हातात दिला. "जिथे बुडबुडा तिथे चोर." नळीवर, व्हॉल्व्हवर, फुग्याच्या तोंडावर, सगळीकडे फेस लावत गेले. जोडापाशी एक बारीक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला. पुन्हा आला. नळीचं टोक मी तिरकं कापलं होतं. सरळ कापून पुन्हा खोचलं. मग बुडबुडा आला नाही.

फिटर म्हणाला, "झालं तुमचं काम. आता इकडे यायची गरज नाही."

त्यावर मी म्हटलं, गाडीतच हवेचा कॉम्प्रेसर बसवायचा आहे. तो म्हणाला, कशाला, कुठल्याही पंपावर हवा मिळते की. मी म्हटलं, बागांच्या रस्त्याला पंप नाही. ते खरंच आहे. तिथे लांबपर्यंत पंप नाही.

२४ जानेवारी

कॉम्प्रेसर सीटखाली बसला, चिखलपाणी लागणार नाही असा. हवेची टाकी हौद्याखाली चासीला समांतर. समोर एक मीटर, त्यात दोन काटे, डाव्या फुग्याचा एक, उजव्याचा एक. बटण दाबलं की घरघर सुरू होते आणि गाडी मागून हळूच उचलली जाते. दारात उभी करून मी तीनचारदा वरखाली केली. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. हात केला तर आत गेल्या.

धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, रिले कुठे, फ्यूज कुठे, टाकीतलं पाणी रोज का सोडायचं. ती मध्येच म्हणाली, "ताई, तुला बोलायला कुणी नाही का गं तिथे?"

"आहे की. कॉम्प्रेसर."

ती हसली नाही. मग मीच विषय बदलून मधवाल्यांचं सांगितलं. आठवड्यातून दोनतीनदा फोन करतात. काल विचारत होते, कॉम्प्रेसर बॅटरी तर खाणार नाही ना. परवा विचारलं, आभाळ आलंय, तुमच्याकडे आलंय का. अरे, आभाळ एकच आहे, मध्ये जेमतेम एक टेकडी!

"तुझ्या बॅटरीची त्यांना कशाला काळजी?"

"त्यांच्या माश्या मरतील म्हणून. मागच्या वेळेचं विसरले नाहीयेत ते."

यावर मात्र धाकटी हसत सुटली. थांबेचना. तिला गाडीतलं काही कळत नाही.

४ फेब्रुवारी

दुसरी फेरी, माळावर उरलेल्या पेट्यांची. उशीर झालाय, पण लिहून काढते.

माश्या संध्याकाळी पेट्यांत परतल्या की दारं जाळीनं बंद करायची, म्हणून पेट्या कालच भरून ठेवल्या होत्या. आज फटफटताना निघालो. मी पिकअपमध्ये आणि मधवाले मागे त्यांच्या मोटारसायकलवर. मी म्हटलं होतं, तुम्ही मागून कशाला धूळ खाता, मी पोचवते की नीट. तर म्हणाले, "असू दे, मी आपला मागे बरा." म्हणजे विश्वास नाहीच. सगळी वाट आरशात त्यांचं हेल्मेट दिसत होतं.

गाडी मात्र काय चालली! खड्ड्यातून जाताना नुसती मान डोलवल्यासारखी. मी गाणं म्हणायला लागले, मोठ्यानं. टेकडी चढून उतरताना डावा काटा घसरायला लागला. बटण दाबलं, थोडा चढला, पुन्हा घसरला. आणि मग डावी बाजू दणकन बसली. पेट्या दोऱ्या ताणून कलल्या, आतून घूं घूं असा आवाज यायला लागला, भिंतीपलीकडे मोठा जमाव चिडावा तसा.

बाजूला घेतली. मधवाले येऊन पोचलेच होते. उन्हं वर आलेली. बंद पेट्या उन्हात थांबल्या की माश्या आतल्या आत भाजून मरतात, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. आजूबाजूला झाड नाही.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

"बघा. इकडची काळजी करू नका."

गाडीखाली शिरले आणि लगेच दिसलं. डावी नळी सायलेन्सरला टेकली होती, वितळून भोक पडलेलं. मीच ओढलेली, छान बसलेली नळी. फिटरनं बजावलं होतं, सायलेन्सरपासून लांब. तेव्हा मी हं म्हटलं होतं.

वरून पाण्याचा आवाज येत होता. मधवाल्यांनी गोणपाटं पिण्याच्या पाण्यात भिजवून पेट्यांवर टाकली होती. पाणी संपलं तसे मोटारसायकलवरून खाली ओढ्यावर जाऊन आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. मी वितळलेला तुकडा कापून टाकला, नळी दुसऱ्या बाजूनं फिरवून घेतली, जोड खोचला. यावेळी टोक सरळ कापलं. हात घामानं सटकत होते. बटण दाबलं. टाकीतली हवा सळसळत गेली, गाडी कण्हत वर आली आणि पेट्या सरळ झाल्या. साबणाचं पाणी नव्हतं, म्हणून जोडाला गाल लावून बघितला. हवा लागत नव्हती. कॉम्प्रेसर नसता तर आज सगळं संपलं होतं. फिटरला सांगायला पाहिजे.

बाहेर आले तर मधवाल्यांच्या अंगात शर्ट नव्हता. तोही भिजवून शेवटच्या पेटीवर घातलेला. खांद्यावर तीनचार डंख सुजलेले. मला म्हणाले, "तुमच्या गालाला काळं लागलंय."

"तुमच्या पाठीला माश्या चावल्यात."

"त्या चावतातच."

पोचल्यावर एकही पोळं मोडलेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. ते प्रत्येक पेटीला कान लावून ऐकत होते. मग मला बोलावलं आणि म्हणाले, ऐका. मीही कान लावला. आमची डोकी जवळजवळ लागत होती. आत शांत, एकसुरी गुणगुण. बराच वेळ ऐकलं. का कोण जाणे, मला रडू यायला लागलं. दमल्यामुळे असणार.

१२ फेब्रुवारी

आज पेट्या बघायला बागेत गेले होते. मधवाल्यांनीच फोन केला होता की दोऱ्या तुमच्या इथेच राहिल्यात. दोऱ्या माझ्या नव्हत्याच, त्यांच्याच होत्या. बोलावलंच आहे तर म्हणून चहा घेतला.

ते म्हणाले, एकट्यानं हे काम आता होत नाही. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, मुलगी वरच्या गावी. घरात दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. मग म्हणाले, "तुमचीही जागा भाड्याचीच. मी आपला विचार करत होतो, दोघांचं एकत्र केलं तर."

मी विचारलं, "भागीदारी म्हणताय?"

त्यांनी कपात बघितलं. "तसंच काहीसं."

मी स्पष्ट सांगून टाकलं. म्हटलं, मला माश्यांतलं काही कळत नाही आणि उगाच लुडबूड करायची मला सवय नाही. माझी गाडी माझ्यापाशी, तुमच्या पेट्या तुमच्यापाशी. बोलावलंत की येईन. एवढं बरं आहे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

व्यवहारात असं स्पष्ट असलेलं बरं असतं. मागून कटकट नको. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले, आणि दोऱ्या खरंच माझ्या गाडीत ठेवल्या.

२० फेब्रुवारी

फोन नाही. हवा तपासली. दोन्ही काटे स्थिर.

१ मार्च

गॅरेजला जाऊन आले. काही बिघडलं नव्हतं, पण बोल्ट एकदा आवळून घेतलेले बरे. फिटर म्हणाला, हे असे बोल्ट तुम्हीसुद्धा आवळू शकता, ताई. चहा मात्र पाजला.

आईची खोली झाडली. गेल्या वर्षी ती गेल्यापासून तिकडे फारसं जाणं होत नाही. खिडकी उघडून ठेवली, मग डास येतील म्हणून लावली.

संध्याकाळी मधवाल्यांचा फोन आला. मी पहिल्याच घंटीला उचलला, फोन जवळच होता म्हणून. ते म्हणाले, मुलीला दिवस गेलेत, जावई सहा सहा महिने बाहेर असतो. ती कधीची बोलावतेय. तिकडे वर बागाही आहेत. तेव्हा या महिन्यात पेट्या आणि घरचं थोडं सामान घेऊन कायमचंच जायचं ठरवलंय. गाडी मिळेल ना?

म्हटलं, मिळेल. मिळायला काय झालं.

१३ मार्च

जेवण जात नाही. धाकटी म्हणते डॉक्टरला दाखव. ऋतू बदलतोय, दुसरं काय. एक चांगलं गिऱ्हाईक हातचं चाललं, त्याचंही वाटतंच माणसाला.

१७ मार्च, सकाळ

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं खूप होतं.

परवा संध्याकाळी पेट्या भरल्या. त्यांच्यामागे एक खाट, एक ट्रंक, भांड्यांचं खोकं. एवढंच सामान. मोटारसायकल त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली होती, त्यामुळे काल पहाटे पहिल्यांदाच ते माझ्या शेजारी बसले. मी उगाच मीटरबद्दल बोलत राहिले. डावा काटा, उजवा काटा. ते हं हं म्हणत होते. एका वळणावर मी गप्प बसले, आणि मग वरपर्यंत कुणीच बोललं नाही. तेही वाईट नव्हतं.

पोचल्यावर ते पेट्या मांडायला बागेत गेले. मुलगी घरात होती, पोट चांगलंच दिसायला लागलेलं. माझ्यासमोर ताट ठेवून समोर बसली आणि माझ्याकडे निरखून बघत राहिली.

"तुम्ही ड्रायव्हरबाई. बाबा फोनवर दुसरं काही बोलतच नाहीत. तुम्ही नळी कशी जोडली, तुम्ही गाडीत गाणं कसं म्हणत होता."

"ते ऐकू आलं त्यांना?"

"तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा प्रश्न आहे तो. पण बाबांनी आयुष्यात कधी कुणाला काही विचारलेलं नाही. आईलासुद्धा आजोबांनीच विचारलं होतं."

मी कोणत्या गोष्टीला नाही म्हणाले, असं विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चहाचा कप, दोन खोल्या, 'तसंच काहीसं'. एखाद्याला पत्ता तीनदा सांगावा आणि चौथ्यांदा त्याच्या टाळक्यात प्रकाश पडावा तसं झालं. या वयापर्यंत मला असं कुणी विचारलंच नव्हतं हो. विचारतात तेव्हा ते कसं ऐकू येतं, हे मला कुठून माहीत असणार?

ताट तसंच ठेवून बागेत गेले. ते पेटीखाली दगड बसवत होते.

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही धंद्याचं बोलताय."

त्यांनी दगड खाली ठेवला. पटकन काही कळलं नाही त्यांना. मग कळलं. कान लाल झाले.

"मला नीट बोलता येत नाही," ते म्हणाले.

"मला नीट ऐकता येत नाही."

दोघंही हसलो, पण हसणं लगेच संपलं. घराच्या ओट्यावर मुलगी उभी होती, एक हात कमरेवर. ते तिकडे बघत म्हणाले, "हिला शब्द दिलाय. हिचं बाळंतपण, मग मूल जरा मोठं होईपर्यंत. ती एकटी आहे. आता मागे फिरता येत नाही मला."

"फिरू नका," मी म्हटलं. आणि ते मी मनापासूनच म्हटलं. त्यांनी मुलीला सोडून दिलं असतं तर मला ते आवडले नसते.

"तुम्ही इकडे..." एवढं म्हणून ते थांबले. या वेळी मी ऐकलं. पण तिथे पिकअपला काम नाही, मला ते गाव माहीत नाही, आणि एका दुपारीत एवढं सगळं होत नाही. मी म्हटलं, "मला विचार करू दे." माझा आवाज फार बारीक आला. ते म्हणाले, करा, घाई नाही.

निघताना म्हणाले, "फाट्यापर्यंत येतो. तिथून परत यायला बस असते."

गाडी रिकामी, म्हणून हवा कमी केली आणि निघालो. फाट्यावर एक पत्र्याची शेड आहे, खाली बाक. गाडी लावून आम्ही बाकावर बसलो. फार बोललो असं नाही. त्यांनी विचारलं, रुग्णवाहिकेत कधी कुणी दगावलं का. मी सांगितलं. मी विचारलं, बायको कशानं गेली. त्यांनी सांगितलं. बस आली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "येताय का, काका?" ते म्हणाले, "पुढच्यानं येतो."

पुढची आली तेव्हा ते माझ्या आईबद्दल ऐकत होते. त्यांनी बसकडे बघितलंसुद्धा नाही.

मग वारा सुटला, ऊन कललं. तिसरी बस लांबून दिसली, वळण घेत घेत वर येताना. मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की ही शेवटची. ते उठले, पँट झटकली. बस थांबली. ते चढले.